मागच्या रांगेतल्या माणसाचं नाव काय?

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर वसतिगृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले बहुतेकजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. नागपूर, अमरावती, लातूर, बेळगाव, कलबुर्गी अशा ठिकाणांहून इतक्या लांब शिकायला आला आहात. घरात पहिला पदवीधर झाला की घरातले सगळे कागद त्याच्याकडे येऊ लागतात. जातीचा दाखला, सातबारा, रेशनकार्ड, आजीच्या पेन्शनचं पत्र. "तू शिकलेला आहेस, बघ जरा यात काय लिहिलंय." आज मी तुमच्यावर आणखी एका कागदाची जबाबदारी टाकायला आलो आहे. तो कागद म्हणजे युद्धाच्या काळातला जुना फोटो.

मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सुट्टीत वस्त्या-वस्त्यांतून फिरतो आणि पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आपल्या माणसांचे फोटो पाहतो, त्यांच्या नोंदी करतो. घरात तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एखादा काळपट ग्रुप फोटो लटकत असतो. नाहीतर ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली असतो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मधल्या रांगेत खुर्च्यांवर साहेब आणि सुभेदार-जमादार. पुढे जमिनीवर मांडी घातलेले काही जवान. मागे बाकांवर चढून उभ्या असलेल्या दोन रांगा. खाली पुठ्ठ्यावर इंग्रजीत एक ओळ, आणि कोपऱ्यात शाईने केलेली सही.

ती ओळ वाचून बघा. खुर्चीवरच्या प्रत्येकाचं नाव हुद्द्यासकट दिलेलं असतं. मागच्या रांगांसाठी 'आणि कंपनीचे जवान' एवढंच. सही असते ती खुर्चीवरच्या साहेबाची. आपला माणूस मागे उभा आहे, त्याला नाव नाही.

कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यातली 'नाक'ने संपणारी नावं आपण दरवर्षी १ जानेवारीला डोळे भरून पाहतो. दगडावर नाव कोरलं म्हणून दोनशे वर्षांनीही ती माणसं कोण होती हे सांगता येतं. मग सव्वाशे वर्षांनंतर, १९४२-४३ मध्ये, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा आपल्याकडे आहे आणि नाव मात्र नाही, हे कसं चालेल? चेहरा ओळखणारी शेवटची पिढी आज नव्वदीच्या घरात आहे. कागद अजून पन्नास वर्षं टिकेल. ओळखणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. म्हणून हे काम तुमच्याच पिढीला करावं लागेल, आणि लवकर करावं लागेल.

आता हे काम कसं करायचं ते सांगतो. त्याला मोठी पदवी लागत नाही. शिस्त लागते.

पहिली गोष्ट, आपल्या इतिहासाच्या चार तारखा पाठ हव्यात, कारण फोटोचा काळ त्यावरून बांधता येतो. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी 'लढाऊ जमाती'चं धोरण लावलं आणि महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिलं महायुद्ध पेटलं, माणसं कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. नंतर वीस वर्षं महारांची पलटण नव्हती. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला. जुलै १९४१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला उभी राहिली.

याचा फोटोशी संबंध काय? कुणी तुम्हाला महार पलटणीचा फोटो दाखवला आणि 'साल १९३०' म्हणाला, तर थांबायचं. त्या साली ती पलटणच नव्हती. फोटोतला माणूस दुसऱ्या एखाद्या खात्यात, कारखान्यात, इस्पितळात किंवा मजुरांच्या तुकडीत असू शकतो. नाहीतर साल चुकलेलं असू शकतं. आणि कुणी '१८१८ च्या लढाईतल्या शिपायांचा खरा फोटो' म्हणून मोबाइलवर काही पाठवलं, तर पुढे ढकलू नका. छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये. लढाईनंतर एकवीस वर्षांनी. आपला इतिहास खरा आहे, त्याला खोट्या फोटोचा टेकू लागत नाही. उलट असा एक फोटो खोटा ठरला, की समोरचा म्हणतो, यांचं सगळंच असं असतं.

दुसरी गोष्ट, कपडे आणि बिल्ले वाचायला शिका. दंडावर एक फीत म्हणजे लान्सनाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. खांद्यावर एक स्टार जमादाराचा, दोन सुभेदाराचे, मुकुट सुभेदार मेजरचा. खाली 'जमादार' लिहिलं असेल तर फोटो १९६५ च्या आधीचा, कारण त्या साली या हुद्द्याला नायब सुभेदार हे नाव मिळालं. खांद्यावर इंग्रजी राजमुकुट असेल तर प्रजासत्ताकाच्या आधीचा. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या. टोपीवर नुसता स्तंभ दिसतो की मशीनगनही दिसतात, एवढ्यावरून फोटो त्या सालाच्या आधीचा की नंतरचा हे कळतं. नखाएवढा बिल्ला असतो, पण तो भिंगाखाली धरला की आजोबा कोणत्या वर्षांच्या दरम्यान उभे होते ते सांगतो.

मेडल छातीच्या कोणत्या बाजूला आहे तेही बघा. स्वतः मिळवलेलं मेडल डाव्या छातीवर लावतात. फोटोत सगळ्यांचीच मेडलं त्यांच्या उजव्या छातीवर दिसत असतील तर फोटो उलटा छापला गेलाय, म्हणजे निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढली आहे. मग खाली 'डावीकडून उजवीकडे' म्हणून लिहिलेली नावं उलट क्रमाने लावावी लागतील. खांद्यावरची पितळी अक्षरं उलटी दिसतात का, सदऱ्याची बटणपट्टी कोणत्या बाजूला आहे, यावरून हे पडताळता येतं. आणि डावं-उजवं नेहमी पाहणाऱ्याच्या बाजूने धरायचं, फोटोतल्या माणसाच्या नव्हे. एवढी साधी गोष्ट घोटाळली की एका घराचे आजोबा दुसऱ्या घरी जातात.

रंगाबद्दलही सावध राहा. त्या काळी वापरात असलेल्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटायचा आणि निळा फिका, पांढरट दिसायचा. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या फोटोतला पांढरा दिसणारा झेंडा निळाही असू शकतो. आजकाल मोबाइलवर फोटो रंगवणारी, चेहरा 'स्वच्छ' करणारी ॲपं आहेत. हौस म्हणून घरी बघा. पण ओळख पटवायला तो फोटो वापरू नका. ॲप चेहऱ्यावरचा धूसरपणा काढत नाही, त्या जागी स्वतःच्या अंदाजाने नवं नाक, नवे डोळे बसवतं. तो माणूस तुमचा आजोबा राहत नाही.

तिसरी गोष्ट सहीची. सही दिसली की लोकांना वाटतं, प्रश्न सुटला. खरं तर प्रश्न तिथून सुरू होतात. फोटोवरची सही किमान चार जणांची असू शकते. एक, फोटोग्राफरची. ती बहुधा निगेटिव्हवरच लिहिलेली असते, म्हणून पांढऱ्या अक्षरांत दिसते. दोन, बदली होऊन जाणाऱ्या साहेबाची, आठवण म्हणून दिलेली. तीन, फोटोतल्या शिपायाची स्वतःची. चार, ज्याच्याकडे नंतर फोटो राहिला त्याची, मालकी दाखवायला केलेली. सही कुणाची हे कळेपर्यंत 'हा फोटो अमक्याचा' असं म्हणू नये.

सहीची तारीख आणि फोटोची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो ४२ चा आणि सही ४६ ची असू शकते. शाईकडे बघा. बॉलपेन बाजारात आलं तेच १९४५ च्या सुमारास, आणि आपल्याकडे ते सर्रास व्हायला आणखी बरीच वर्षं लागली. बॉलपेन कागदावर दाबलेली रेघ सोडतं. खिडकीजवळ उभं राहून फोटो तिरपा धरला की ती दिसते. १९४२ च्या फोटोवर बॉलपेनची सही म्हणजे ती नंतर कुणीतरी केली. भिंगातून सही आणि चेहरा दोन्ही बारीक ठिपक्यांचे दिसले, तर तो फोटोच नव्हे. मासिकातलं किंवा पुस्तकातलं पान कापून चौकटीत घातलंय. अशी पानं आपल्याकडे खूप आहेत, आणि ती जपून ठेवण्यातही एक इतिहास आहे. पण त्यावरची सही छापील आहे हे माहीत असलेलं बरं.

आणि फोटो उलटा करून मागची बाजू नेहमी बघा. ग्रुप फोटोचा पुढचा भाग साहेबांचा असला तरी मागची बाजू बहुधा शिपायाची असते. तिथे तो लिहितो. कधी इंग्रजी अक्षरांत, पण भाषा हिंदुस्तानी. कारण फौजेत शिपायांना रोमन उर्दू, म्हणजे रोमन लिपीतली हिंदुस्तानी, शिकवली जायची. गावात ज्याला शाळेच्या पायरीवर बसवलं, तो पलटणीत सही करायला शिकला आणि ती सही रोमनमध्ये करू लागला. कधी मजकूर मोडीत असतो. त्या पिढीत हाताने लिहायची मराठी म्हणजे पुष्कळदा मोडीच. नातवाला वाटतं, आजोबांनी रेघोट्या मारल्यात. त्या रेघोट्यांत पणजीचं नाव असतं. मोडी शिकायला वर्षं लागत नाहीत. तुमच्यातल्या दोघांनी जरी चिकाटीने शिकली तरी शंभर घरांचं काम होईल.

मागे गावाचं नाव नसेल तर शिपायाने आळस केला असं समजू नका. लढाईच्या दिवसांत कुठून लिहितोय हे लिहायला बंदी होती, टपाल तपासलं जायचं. ठिकाणाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असायचा. फोटोबरोबरचा लिफाफा टिकला असेल तर तो फेकू नका. त्या नंबरवरून तुकडी त्या महिन्यात कुठे होती याचा माग लागतो. लोक फोटो ठेवतात आणि लिफाफा चुलीत घालतात.

आता एका घराचं उदाहरण देतो. गाव-नाव सांगत नाही, कारण ते त्या घराचं आहे.

विदर्भातलं एक घर. भिंतीवर ग्रुप फोटो. घरातले सगळे अभिमानाने सांगत होते, "मधोमध सुटातले बाबासाहेब आहेत, आणि ही खाली त्यांची सही." मधोमध खरंच सूट घातलेला, चष्मा लावलेला, भरल्या अंगाचा एक हिंदी गृहस्थ होता. दोन पिढ्या त्या फोटोला हार घालत होत्या. मी लगेच हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चौकट उघडायची परवानगी मागितली.

चौकटीच्या लाकडाखाली पुठ्ठ्याचा दोन बोटं भाग झाकला गेला होता. तिथे 'कामठी, १९४३' असं होतं. सही भिंगातून पाहिली तर त्यात इंग्रज आडनाव आणि त्याखाली हुद्दा होता. म्हणजे सही खुर्चीवरच्या साहेबाची. मग सुटातले गृहस्थ कोण? १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जुलै १९४२ पासून ते त्या पदावर होते. अशा पदावरचा माणूस फोटोत बसला असता तर खालच्या ओळीत पहिलं नाव त्याचंच आलं असतं, आणि खुर्ची कमांडिंग ऑफिसरच्या शेजारची मिळाली असती. इथे त्या गृहस्थांचं नाव ओळीत नव्हतं आणि ते तिसऱ्या खुर्चीवर होते. चेहऱ्याची ठेवणही जुळत नव्हती. मी नोंदीत लिहिलं: सुटातले गृहस्थ, अनोळखी.

घरातल्या तरुण मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, "सर, मग या फोटोत काय राहिलं?"

मी त्याच्या आजीला बोलावलं. वय नव्वदीला टेकलेलं. फोटोतल्या एका जवानाची ती धाकटी बहीण. मी तिला "हे तुमचे दादा ना?" असं विचारलं नाही. असं कधीही विचारू नका. म्हातारी माणसं शिकलेल्या माणसाला हो म्हणतात. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "यात कोण ओळखू येतं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मागच्या रांगेत उजवीकडून चौथ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा. याचा खांदा बघ, खाली झुकलाय. लहानपणी झाडावरून पडला होता." नंतर तिने आणखी दोघांची नावं सांगितली, शेजारच्या वाडीतली. मी त्या वाडीत गेलो, तिथल्या एका म्हाताऱ्यांना तोच फोटो काही न सांगता दाखवला. त्यांनी त्याच दोघांवर बोट ठेवलं.

फोटोच्या मागे मोडीत दीड ओळ होती. आईला उद्देशून. त्यात शेवटी होतं: 'सर्वांस जय भीम.' जरा विचार करा. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीचेच बाबू हरदास यांना दिलं जातं. ते १९३९ साली गेले. आणि चारच वर्षांनी त्याच कामठीच्या छावणीत उभा असलेला एक नाईक आपल्या आईला जोहार लिहीत नाही, रामराम लिहीत नाही, जय भीम लिहितो. बाबासाहेब त्या फोटोत नव्हते असं त्या मुलाला वाटलं होतं. ते खुर्चीवर नव्हते इतकंच. मागच्या दीड ओळीत ते होते.

त्या मुलाने आता चौकटीखाली नवी चिठ्ठी लावली आहे. त्यावर तीन नावं आहेत.

आपण मोठं नाव का शोधतो, हे मला कळतं. आपल्याकडे कागद कमी राहिले. राहिले त्यात आपण दिसत नाही. म्हणून एखाद्या फोटोत बाबासाहेब आहेत असं म्हटलं की तो फोटो फेकला जाणार नाही, अशी खात्री वाटते. पण याची एक किंमत मोजावी लागते. सगळ्यांचे डोळे त्या एका चेहऱ्यावर लागतात आणि मागचे चाळीसजण पुन्हा बिननावाचे होतात. आधी ते साहेबाने केलं, आता आपण करतो. बाबासाहेबांचं ज्या ठिकाणी नाव नाही तिथे ते घालायची त्यांना गरज नाही. आपल्या आजोबांना मात्र त्यांचं स्वतःचं नाव मिळण्याची गरज आहे.

नाव म्हटलं की आपल्याकडे आणखी एक अडचण येते. फौजेच्या नोंदीत नाव, बापाचं नाव, गाव आणि जात असायची. आज घराचं जे आडनाव आहे ते त्या नोंदीत असेलच असं नाही. कुणी शाळेत घातलं तेव्हा आडनाव लावलं, कुणी गावावरून लावलं, कुणी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बदललं. म्हणून आजच्या आडनावावर शोध घेऊन 'नोंद नाही' असं उत्तर आलं तर थांबू नका. बापाचं नाव आणि गाव यांवरून शोधा. गावाचं इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांनी लिहून बघा.

शोधायचं कुठे? पहिल्यांदा घरात. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मेडल. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. ते नाणं समजून डब्यात पडलेलं असतं. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नसून काशाचं असेल तरी नकली म्हणून टाकू नका. मजूर तुकड्यांत गेलेल्यांना तेच मेडल काशाचं दिलं होतं. खंदक खणणारा, रस्ता बांधणारा, ओझं वाहणारा तो आपला माणूस. धातूतही उतरंड होती, हे त्या मेडलवरून कळतं.

घराबाहेर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस. महार रेजिमेंटचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. जे परत आलेच नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी सर्वांना इंटरनेटवर खुली आहे. त्यात अनेकदा बापाचं, बायकोचं आणि गावाचं नाव मिळतं. रंगूनजवळच्या तौक्यान इथल्या स्मारकावर सुमारे २७ हजार नावं आहेत. एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही राज्यांत दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना मदत मिळते, पण नुसत्या फोटोवर ती मिळत नाही. कार्यालय डिस्चार्जचा कागद मागतं. फोटोवरून तुकडी आणि साल कळलं तर तो कागद कुठे मागायचा हे कळतं. फोटोचा तेवढाच उपयोग आहे, आणि तो थोडा नाही.

ही गोष्ट फक्त आपल्या मराठी घरांची नाही. तुमच्या वर्गात पंजाबचे, उत्तर प्रदेशचे मित्र आहेत. मजहबी आणि रामदासिया शिखांची रेजिमेंट १९४१ मध्येच उभी राहिली, पुढे तीच सिख लाइट इन्फंट्री झाली. १९४३ मध्ये चमार रेजिमेंट उभी राहिली, ती बर्माच्या मोहिमेत लढली आणि १९४६ मध्ये मोडली गेली. मोडलेल्या पलटणीचं ना केंद्र उरतं, ना दरवर्षीचा स्थापना दिवस. तिथे घरातला फोटो हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. त्या मित्रांनाही विचारा, तुमच्या घरी भिंतीवर काय आहे?

त्या युद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली होती. कुणी म्हणेल, इंग्रजांच्या फौजेत गेले, त्याचा काय अभिमान? हा प्रश्न आपण टाळू नये. ते साम्राज्याची नोकरी करत होते, हे खरं आहे. आणि गावात ज्याला पायात वहाण घालून चावडीसमोरून जाता येत नव्हतं, तो बूट घालून, छाती पुढे काढून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, हेही खरं आहे. पगारातून पैसे काढून त्याने फोटोची प्रत घेतली आणि गावी आईला पाठवली. कशासाठी पाठवली असेल? गावाने बघावी म्हणून. त्या फोटोचा प्रसंग कोणता, बटालियन उभी राहिल्याचा, साहेबाच्या निरोपाचा की हॉकीचा कप जिंकल्याचा, हे आपण पुठ्ठ्यावरून, कपावरून, गळ्यातल्या हारांवरून ठरवू. पण शिपायाच्या दृष्टीने प्रसंग हा होता. नोंद करताना दोन्ही प्रसंग लिहा.

आता शेवटी, सुट्टीत घरी गेल्यावर काय करायचं ते सांगतो. लिहून घ्या.

फोटो चौकटीतून काढताना काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट फोटो घ्या. पुढून, मागून, पूर्ण पुठ्ठ्यासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर मोबाइलने, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पुठ्ठ्याच्या कडा कापू नका, लॅमिनेशन करू नका. मागे पेनने काही लिहू नका, लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने. मूळ फोटो कुणाला, अगदी माझ्यासारख्या अभ्यासकालाही, घरातून नेऊ देऊ नका. प्रत द्या.

मग एका वहीत नोंद करा. रांग कोणती, डावीकडून कितवा, नाव काय, हे कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं, सांगणाऱ्याचं फोटोतल्या माणसाशी नातं काय. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: खात्रीने, बहुधा, अनोळखी. दोघांनी वेगवेगळं बसून तेच नाव सांगितलं, किंवा कागदाशी जुळलं, तरच 'खात्रीने'. 'अनोळखी' लिहायला लाजू नका. ती जागा मोकळी राहिली तर उद्या कुणाची तरी नात येऊन म्हणेल, हे आमचे आजोबा. तिथे आपण भलतंच नाव भरून ठेवलं, तर ती आली तरी तिला ते सापडणार नाहीत.

बायांना आधी विचारा. फौजेत पुरुष गेले म्हणून आपण पुरुषांनाच विचारतो. पण फोटो ट्रंकेत जपला बायांनी, पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं बायांनी, आणि चेहरे लक्षात ठेवले तेही बायांनीच. आजी झोपायच्या आधी नको, सकाळी, उजेडात, तिचा चष्मा पुसून तिच्या हातात द्या. फोटो मांडीवर ठेवा. आणि तिला घाई करू नका.

एवढं बोलून थांबतो. जय भीम.